बीजेच्या कोरीची चूक

"फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंस ना गं तू?" बाबांनी अंक ऋजुतासमोर आपटला. "मग ही माणसं तुला का झोडपतायत?"

एका दिवंगत बालसाहित्यिकाच्या चाहत्यांचं ते त्रैमासिक होतं. त्यातलं 'चूक काढा' हे सदर ऋजुताच्या विशेष आवडीचं. एकाने लेखकाच्या गोष्टीतली चूक काढायची आणि बाकीच्यांनी लेखकाची बाजू घेऊन त्याच्यावर तुटून पडायचं, अशी तिथली रीत. पण वर्षभरात कुणालाच नवी चूक सापडली नव्हती. पत्रं थांबली, तेव्हा संपादक ओगलेकाकांनी पुढचा अंक शेवटचा असेल असं जाहीर करून टाकलं.

ऋजुताने सगळ्या गोष्टी पुन्हा तपासल्या. एकही चूक निघेना. अखेर तिने लिहून पाठवलं, की गोष्टीतल्या मुलाला संध्याकाळी बीजेची कोर पश्चिमेला दिसते, ती पूर्वेला दिसायला हवी होती. शेवटच्या अंकात ते छापून आलं.

आता हा त्याच्या पुढचा अंक. एका निवृत्त शिक्षिकेने आकृती काढून विचारलं होतं, "बाई, कधी मान वर करून आकाश पाहिलंत का?" साताऱ्याच्या एका आजोबांनी तिच्या सहीखालची पदवी विद्यापीठाने परत घ्यावी, असं लिहिलं होतं. ऋजुताने सगळी पत्रं चवीने वाचली. एकाचंही उत्तर चुकलं नव्हतं.

पानांतून एक चिठ्ठी खाली पडली. अक्षर ओगलेकाकांचं होतं. "जागा पुरली नाही. उरलेली पत्रं पुढच्या अंकात. त्याच्या पुढच्यासाठी अशीच एखादी चूक वेळेवर पाठवावी."