तोफगाडीवरचं नाव

माझा मुलगा लोथर जर्मन फौजेतून फ्रान्सच्या आघाडीवर होता. हलक्या रणगाड्याच्या धुडावर मोठी तोफ बसवून, भोवती पातळ पत्रा ठोकून त्यांची गाडी केलेली. प्रत्येक गाडीला नाव असायचं. त्याने बायकोचं रंगवलं. मी खडसावून कळवलं, “जन्म तिने दिला का रे तुला? पूस ते.” मग त्याने हातभर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं, ‘विल्हेल्मीना’, आणि फोटो धाडला. मी तो गल्लीभर मिरवला.

लोथर मारला गेला, तेव्हा शेजारच्या गाडीवरल्या त्याच्या मित्राचं पत्र आलं. सुनेने मला ते दोनदा वाचून दाखवलं.



“फ्रेंच पांढऱ्या रंगावर नेम धरत होते, म्हणून आम्ही सगळ्यांनी नावांवर चिखल फासला. लोथर म्हणाला, आईच्या नावाला मी चिखल लावणार नाही.”