तुम्ही त्यातल्या नाही

"कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा," असं डॉक्टर म्हणाले आणि माधुरीने हात वर केला. साऱ्या सभागृहात तेवढा एकच हात वर होता. प्रश्न विचारा म्हणायचं आणि कुणी विचारू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं, हा आपल्याकडच्या समारंभांचा रिवाज. संयोजकांनी नाइलाजाने माईक तिच्याकडे पाठवला.

सत्त्याण्णव साल होतं. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्दच नगर जिल्ह्यात नवा होता. समोर निम्मे आईबाप होते आणि निम्मी बी.एड.ची पोरं, त्यांना हजेरीसाठी आणलं होतं आणि ती जेवणासाठी थांबली होती. पुण्याहून आलेले डॉक्टर तासभर पडद्यावर मुलांचे फोटो दाखवत होते. या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही आणि स्वतःचं सांगता येत नाही, म्हणून आमचं संशोधन आईवडिलांना विचारूनच चालतं, असं ते म्हणाले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असंही म्हणाले. त्यावर टाळ्या पडल्या.

माधुरी शेवगावच्या कॉलेजात गणित शिकवायची. रजा टाकून, पहिल्या एस.टी.ने ती आली होती. या विषयावर हाताला लागेल ते तिने वाचलं होतं आणि पानापानावर तिला ती स्वतःच भेटली होती. आज काय बोलायचं ते तिने गाडीत शेवगावपासून नगरपर्यंत घोकलं होतं.

"सर, प्रश्न नाही, मला सांगायचंय," माईक तोंडापासून लांब धरत ती म्हणाली. "तुम्ही ज्यांच्याबद्दल बोललात, मी त्यांच्यातली आहे. मला आतलं सांगता येतं. तुमच्या अभ्यासात मला घ्या. मला विचारा."

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ते फार मायेने बोलले.

"मॅडम, आपण काय करता?"

"कॉलेजात शिकवते."

"मग बघा. आमच्या मुलांना तहान लागली तर पाणी मागता येत नाही आणि तुम्ही भर सभेत उभ्या राहून बोलताय. तुम्ही त्यातल्या नाही. थोड्या अबोल असाल, एवढंच. देवाचे आभार माना."

लोक हसले. आपणही हसायचं असतं का, ते माधुरीला कळेना. हसू थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"आणि मला बोलता आलं नसतं, तर विचारलं असतं?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात संयोजकांनी माईक काढून घेतला आणि मंडळींनी जेवल्याशिवाय जाऊ नये, अशी विनंती केली.

मांडवात मसालेभात होता, जिलेबी होती आणि स्टीलच्या ताटांचा असा खणखणाट होता की माधुरीने ताट घेऊन थेट कंपाउंडची भिंत गाठली. बी.एड.च्या दोन मुली तिच्याकडे बघून कुजबुजल्या आणि दुसरीकडे बसल्या. तिला फार एकटं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण आपल्या माणसांत चाललोय, असं सकाळी गाडीत बसताना तिच्या मनात आलं होतं. इथे तिची माणसं फक्त पडद्यावर होती.

"म्याडम, वाईच ईचारू का?"

डोक्यावरचा पदर सावरत एक बाई समोर उभी होती. खर्ड्याहून आलेली कडूबाई. तिने ताटाला हातही लावला नव्हता.

"माजी पोरगी हाय, नऊ वर्साची. बोलत न्हाई. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की भितीवर डोकं आपटती. सोडवाया गेलं की आनकीच. का करती वो आसं?"

माधुरीने ताट भिंतीवर ठेवलं. हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता.

"तो आवाज कानात थांबत नाही, दाढांत उतरतो. डोकं आपटलं की दुसरं दुखणं होतं, पण ते आपलं आपण केलेलं असतं. त्याने पहिलं जरा मागे सरतं. तिला ओढू नका. डोक्यामागे उशी धरा आणि जड गोधडी अंगावर टाका."

"व्हय, व्हय. गोधडीत लई गप ऱ्हाती." कडूबाईचा चेहरा उजळला. "तुमाला कुनी सांगितलं हे? डाक्टरनी?"

"कुणी नाही. मला स्वतःलाच तसं होतं."

कडूबाई तिच्याकडे बघत राहिली. लहान मुलीकडे बघावं तसं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग एकदम जवळ सरकली.

"मंग तुमची आई आसंल की घरी. मला त्यांच्याकडं न्या. माज्या पोरीच्या मनात काय चालतं, येवडं मला कळाया पायजे. त्या आईला ठाव आसंल."

"आईला माहीत नव्हतं," माधुरी म्हणाली. "आणि आता ती नाही."

"आरारा." कडूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माधुरीला अजून पुष्कळ सांगायचं होतं; सुरुवात कुठून करावी याची ती मनात जुळवाजुळव करत होती. कडूबाईने पदराने डोळे पुसले आणि मांडवाकडे वळून बघितलं. डॉक्टरांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

"मंग आता," ती म्हणाली, "ईचारावं तरी कुनाला?"