सबब

कुलथे साहेबांनी पत्र सांगितलं आणि मंदाताईंनी ते टाइप केलं: "मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची आहे. सबब ती देता येत नाही." अर्ज पाणीपुरवठ्यातल्या पंपचालक शेवंता भोईरचा होता, चौथ्यांदा. तिचं विचारणं एवढंच, की त्याच पंपावरच्या पुरुषांना पगार किती?

या सोमवारपासून नगरपालिकेचं प्रत्येक पत्र 'सुबोध' नावाच्या यंत्रातून जायचं. सरकारी मराठी लोकांना कळेल अशी करणं हे त्याचं काम. पण या पत्रावर सुबोध अडला. पडद्यावर प्रश्न उमटला: "'सबब' म्हणजे काय समजू? 'म्हणून' की 'बहाणा'?"

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी फायलीतून मान वर न काढता विचारलं.

"एका शब्दाला अडलाय, साहेब."

"मग सांगा ना त्याला. इतकी वर्षं तुम्हीच तर लिहिताय."

चौदा वर्षं. त्याआधी या खुर्चीवर सोनकुसरे बसायचे. त्यांना पगार किती होता, असा अर्ज मंदाताईंनीही एकदा केला होता. नकाराचं पत्र त्यांनाच टाइप करावं लागलं होतं.

त्यांनी 'बहाणा'वर बोट ठेवलं. पत्र बदललं: "माहिती आमच्याकडे आहे. ती द्यायची नाही, म्हणून हा बहाणा."

लगेच दुसरा प्रश्न आला: "जुनी पत्रंही अशीच दुरुस्त करून पुन्हा पाठवू?"

"झालं का?" साहेब म्हणाले.

"होतंय," म्हणत मंदाताईंनी 'हो' दाबलं.

प्रिंटरमधून पहिलं पत्र बाहेर आलं. ते मंदाताईंच्याच नावे होतं.