जाळीची मागची बाजू

पट्टी पुन्हा चुकीच्या फटीतून बाहेर आली. हेनीने कपाळावर हात मारला. "डावीकडे म्हणजे डावीकडे गं," ती जाळीच्या पलीकडे बसलेल्या मारेयाला म्हणाली. "सिडनीत डावा हात नसतो का?"

मारेयाने पट्टी मागे ओढून घेतली. कान तापलेले. महिन्यापूर्वीच ती सिडनीहून वडिलांच्या या माओरी गावी राहायला आली होती, आणि शाळेत अजून तिचं नाव 'सिडनी'च होतं. तुकुतुकु, म्हणजे भिंतीवर लावायची माओरी नक्षी, विणायला जाळीच्या पुढे एक आणि मागे एक लागते. हेनीची नेहमीची जोडीदार, तिची चुलतबहीण, कांजिण्यांनी आडवी झाली, म्हणून तर मारेयाला मागे बसायला मिळालं. हे एक काम जमलं की आपण इथल्या झालो, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि जमत तर काडीचं नव्हतं.

उद्या गावातली वडीलधारी मंडळी बघायला येणार. रोइमाता बाईंनी नव्या माओरी कलाकारांची कामं दाखवल्यापासून सगळा वर्ग नुसता पेटला होता. नेहमीच्या गवताच्या पातीऐवजी मासेमारीची नारिंगी दोरी, खोक्यांच्या निळ्या प्लास्टिक पट्ट्या. नक्षी मात्र पणज्यांच्या काळचीच, वर वर चढणाऱ्या पायऱ्यांची. बाकीच्या जोड्या टोकाला पोचल्या. या दोघी तिसऱ्या पायरीवर अडून बसलेल्या.

बाई आल्या, त्यांनी पाहिलं, रागावल्या बिगावल्या नाहीत. नुसतं जागा बदला म्हणाल्या.

आता हेनी मागे. मारेयाने भीत भीत सांगितलं, डावीकडे. पट्टी आली ती उजवीकडून. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मारेयाला हसू आवरेना. हेनी तरातरा पुढे आली, पट्टी पाहिली, आपले दोन्ही हात पाहिले आणि तीही खो खो हसत सुटली. समोरासमोर बसल्यावर एकीचं डावं ते दुसरीचं उजवं. चुलतबहीण इतकी वर्षं न बोलता उलटं करून घेत होती, आणि या बयेला पत्ताच नव्हता.

"मग आता सांगायचं तरी कसं?" हेनीने विचारलं. ती पहिल्यांदाच मारेयाला काही विचारत होती.

मारेयाने बाजूच्या खिडकीतून बाहेर बघितलं. ओळख करून देताना माओरी रीतीने आपल्या नावाआधी ज्याचं नाव सांगायचं, असं वडिलांनी सिडनीत तिच्याकडून घोकून घेतलं होतं, तो तिथे उभा होता.

"डोंगराकडे म्हण," ती म्हणाली. "तो आपल्या दोघींच्या एकाच बाजूला आहे."