चिठ्ठ्या लावलेलं घर

वाचन सुधारावं म्हणून वरून फर्मान आलं: पहिलीच्या मुलांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. वर्गात तोंडातून ब्र न काढणाऱ्या पिटुकलीच्या घरी बाई गेल्या, तर दारावर 'दार', खुर्चीवर 'खुर्ची', आईच्या चपलेवरसुद्धा 'चप्पल'. एक अक्षर चुकलेलं नाही! बाई हरखून गेल्या.

"पोरीनं पट्टाही सोडला नाही बघा," खुंटीवरचा कमरेचा पट्टा काढत वडील कौतुकानं म्हणाले. पिटुकलीनं अंग चोरलं. वडिलांनी पट्टा बाईंपुढे धरला. "मला कुठलं वाचता येतंय! बरोबर लिहिलंय ना, बाई?"



ती चिठ्ठी वाचताना बाईच अडखळल्या. पट्ट्यावर लिहिलं होतं, 'बाबा'.