दुसरी चावी

"मी त्या पोट्ट्याइले वळखत नाही. मी तुले वळखतो," असं म्हणून घरमालक उकंडरावांनी भाडेकरार काउंटरवर ठेवला.

नवीनने खताच्या पावत्या बाजूला सारल्या. दुकानाचे मालक गल्ल्यापाशी बसून सगळं ऐकत होते. कागदावर भाडेकरू म्हणून एकच नाव होतं, नवीनचं. त्या खोलीत तो एक रात्रही झोपला नव्हता. तिथे राहत होते त्याचे दोन दोस्त, राजपाल आणि भाऊसिंग.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी ते दोघं वाशीमला आले, तेव्हा बिननोकरीच्या पोरांना कोणी खोली देईना. नवीन खताच्या दुकानात पगारावर होता. जऊळक्याजवळच्या तांड्यावरून रेल्वेने रोज ये-जा करायचा. दोस्तांनी गळ घातली आणि त्याने सही केली. उकंडरावांनी दोन चाव्या दिल्या. एक दोस्तांकडे गेली, दुसरी नवीनच्या घरी खुंटीला लटकली.

सही करताना त्याला काही जड वाटलं नव्हतं. ओळख देण्याची रीत तांड्यात जुनीच. बाजारात बैल घेणारा अनोळखी निघाला, की एखादा माहितीतला माणूस बैलाच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, 'माणूस आपला आहे.' तेवढ्यावर बैलाचा दोर घेणाऱ्याच्या हाती येतो. नवीनच्या बापाने हयातभर असे हात ठेवले आणि संध्याकाळी निवांत घरी येऊन जेवला. नवीनला वाटलं, आपणही हातच ठेवतोय.

आधी सगळं सुरळीत चाललं. मग पुस्तकं मागे पडली आणि गच्चीवरच्या बैठका वाढल्या. एकदा टाकीचा नळ उघडा राहिला. पाणी जिना उतरून खाली उकंडरावांच्या तुरीच्या पोत्यांपर्यंत पोहोचलं. भाडं थकलं, ते नवीनच्या पगारातून जाऊ लागलं. त्याने घरी सांगितलं नाही. दोस्ती नासायला नको, म्हणून दोस्तांनाही फारसं बोलला नाही.

"हा धिंगाणा बंद कर, नाही तं खोली खाली कर," उकंडराव म्हणाले. "सोमवारपर्यंत वाट पाहतो. मंग ठाण्यात जातो, अन् नाव तुह्यंच सांगतो."

ते गेले. मालकांनी गल्ला बंद केला. "ठाण्याचा मानूस या दुकानात आला, नवीन, तं दुसऱ्या दिवशी तू येऊ नको."

संध्याकाळी नवीन खोलीवर गेला. राजपाल मोबाइल छातीवर ठेवून लोळत होता.

"कायले तापून राह्यला बे?" तो म्हणाला. "आमी कुठं सही केली? सही तुही, टेन्शन तुह्यं."

"आमी उद्या पोहरादेवीले चाललो," भाऊसिंग हसत म्हणाला. "यात्रेहून आलो का पाहू. तुह्यासाठी बी नारळ फोडतो."

त्या रात्री नवीनने ताटातली भाकर तशीच ठेवली. आईने, कमलीबाईने, एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. तो थांबल्यावर ती म्हणाली,

"सही कोनाची?"

"माही."

"मंग खोली कोनाची?"

कमलीबाईने खुंटीला लटकलेल्या चावीकडे पाहिलं.

सकाळच्या गाडीला ती त्याच्याबरोबर निघाली. डोक्यावर गोधडीचं गाठोडं, हातात तवा आणि पिठाचा डबा. वाशीमला उतरल्यावर ती आधी उकंडरावांच्या ओट्यावर गेली.

"दादा, माह्या पोराच्या खोलीत मी राहू का?"

उकंडरावांनी चष्मा लावला. करार आणून पुन्हा वाचला, जणू त्यात काही नवं लिहिलं असावं. "भाडेकरूची माय हाय तू," ते म्हणाले. "मी कोन नाही म्हननारा?"

खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या चावीने ते उघडलं. कमलीबाईने काही फेकलं नाही. कपडे घडी करून दोघांच्या बॅगांत भरले. भरतीची पुस्तकं पुसली. त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. दारूच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात घातल्या. मग दोन्ही बॅगा दाराशी आणून ठेवल्या, फरशी धुतली आणि कोपऱ्यात तवा मांडला.

रविवारी संध्याकाळी राजपाल आणि भाऊसिंग यात्रेहून परतले. कपाळाला गुलाल, हातात प्रसादाची पिशवी. दार उघडंच होतं. आत भाकरीचा वास होता, नवीन ताटावर बसला होता, आणि दोघांची गादी उन्हात तापून भिंतीशी गुंडाळून उभी होती.

"काकी, तू इथं?" राजपाल उंबऱ्यावरच थबकला.

कमलीबाईने हात पुसले. दोन पेले पाण्याने भरले आणि बाहेरगावच्या माणसासमोर ठेवावेत तसे दोघांच्या पुढ्यात ठेवले.

"या पाव्हने, बसा," ती म्हणाली. "किती दिवसाचा मुक्काम हाय?"