हॉप्सचा वास

घरी करायच्या पेल एल बिअरसाठी अच्युतरावांनी हॉप्सच्या दोन नव्या जातींची वाळकी फुलं तळहातावर एकत्र चोळली आणि नाकाशी धरली.

“दुकानदारानं शिळी दिलीत गं. वासच नाही कशाला. जास्त घालू का?”

देवघरात जपाला बसलेल्या वत्सलाबाईंच्या बोटांत मणी थांबला. संत्र्याच्या सालीसारखा दरवळ घरभर पसरला होता, उदबत्तीसुद्धा त्यापुढे फिकी पडली होती. सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी वास येईनासा झाला, मग हळूहळू घरातली माणसं ओळखू येईनात.

“अगं, सांग की. बिअरबद्दल नुसतं बोलल्यानं तुझा देव बाटत नाही.”

खोटं न बोलण्याचं व्रत वत्सलाबाईंनी आजवर मोडलं नव्हतं.

“शिळीच असतील,” त्या म्हणाल्या. “घाला थोडी जास्त.”